डांगराच्या शेतातील चार पाणवनस्पती: यांतील नेचे कोणते आणि ते खात्रीने कसे ओळखावेत?

प्रश्न: रावपुऱ्यातील विज्ञानशिक्षिका

सर्वांस सप्रेम नमस्कार. मी वडोदऱ्यातील एका शाळेत नववीला विज्ञान शिकवते. दसऱ्यानंतरच्या रविवारी बारा विद्यार्थ्यांना घेऊन मी डभोईच्या बाजूला डांगराची शेते पाहायला गेले होते. (महाराष्ट्रातील वाचकांसाठी सांगते, की इकडे शेतातल्या भाताला डांगर म्हणतात.) कापणी तोंडावर आल्यामुळे बहुतेक खाचरांतले पाणी काढून टाकलेले होते, पण चिखल ओला होता. तिथे आणि गावच्या तळ्यापाशी आम्हांला चार वनस्पती दिसल्या. त्यांपैकी एकीलाही फूल नव्हते, त्यामुळे त्या नेचे (फर्न, म्हणजे फुले-बिया न येणाऱ्या वनस्पती) असाव्यात अशी शंका आली आणि त्यावरून मुलांमध्ये जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही.

पहिली वनस्पती चिखलावर सर्वत्र पसरलेली होती. बारीक उभ्या देठाच्या टोकाला चार पर्णिका अधिक चिन्हासारख्या लागलेल्या होत्या. एका मुलीने तिला आंबुशी म्हटले, तर दुसऱ्याने परदेशी पुस्तकांतले भाग्याचे चार पानांचे क्लोव्हर म्हणून सांगितले. मोबाइलवरच्या ओळख सांगणाऱ्या ॲपने दोन छायाचित्रांना दोन वेगळी उत्तरे दिली. दुसरी वनस्पती पाटाच्या साचलेल्या पाण्यावर विटकरी रंगाच्या गालिच्यासारखी पसरली होती आणि दुरून ती शेवाळच वाटत होती. तिसरी तळ्यात होती: तरंगणाऱ्या, केसाळ, राखाडी-हिरव्या पानांच्या जोड्या, ज्यांवर पाण्याचा थेंब मोत्यासारखा गोल राहत होता. गावातले लोक तिला जलकुंभी म्हणत होते. चौथी बांधाच्या ओल्या कडेला उगवलेली, कोथिंबिरीसारख्या चिरलेल्या पानांची, पण हातात घेतल्यावर मऊ आणि रसाळ लागणारी होती.

शाळेच्या वनस्पतिसंग्रहासाठी या चौघींचे नमुने दाबून ठेवायचे आहेत आणि त्यांवर नावाची चिठ्ठी लावायची आहे. माझ्याजवळ दहापट मोठे दाखवणारे हातभिंग आहे आणि शाळेत एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. यांतील नेचे कोणते, ते कोणत्या खुणांवरून ओळखावेत आणि जातीपर्यंत नाव लिहिणे योग्य ठरेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मुलांच्या हाती चुकीचे नाव पडू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

प्रतिसाद: कारेलीबागेतील निवृत्त वनस्पतिशास्त्र-प्राध्यापक

ताई, नमस्कार. आपण वर्णन नेमके केले आहे, त्यामुळे काम सोपे झाले. माझ्या मते चारही नेचेच आहेत, मात्र छायाचित्रे पाहून तसे म्हणणे निराळे आणि खात्री करून चिठ्ठी लिहिणे निराळे. पाणनेचे ओळखताना बहुतेकांची चूक एकच होते: ते वरून दिसणारे पान पाहतात. पाण्यात राहणाऱ्या अगदी दूरच्या कुळांतील वनस्पतींची पानेही एकमेकींसारखी होऊ लागतात, म्हणून वनस्पती उपटून उलटी करावी, देठाचा तळ पाहावा आणि बीजाणू (नेचे बियांऐवजी ज्यांपासून उगवतात ते सूक्ष्म कण) कुठे तयार होतात ते शोधावे. ओळख तिथे पटते.

पहिली वनस्पती मार्सिलिया आहे. हिंदीत तिला चौपतिया म्हणतात, बंगालीत सुषनी, आणि संस्कृतातील सुनिषण्णक हे नाव याच वनस्पतीचे मानले जाते. आंबुशीशी तिची गल्लत होते ती केवळ आकारमानामुळे. आंबुशीला तीन पर्णिका असतात, प्रत्येकीच्या टोकाला हृदयाकृती खाच असते, पान चावले तर आंबट लागते आणि पाच पाकळ्यांचे पिवळे फूल येते. क्लोव्हर, मेथी आणि लसूणघास यांच्याही पर्णिका तीनच असतात. चार पानांचे क्लोव्हर हा एखाद्या रोपावर क्वचित आढळणारा अपवाद असतो. पूर्ण शेतात प्रत्येक पानाला चारच पर्णिका दिसत असतील, तर तिथेच क्लोव्हरचा विषय संपतो. भिंगातून पाहिल्यास आणखी दोन गोष्टी दिसतील. पर्णिकेला मधली शीर नसते, तळापासून निघालेल्या शिरा पंख्यासारख्या पुन्हा पुन्हा दोन-दोन फाटे फोडत कडेपर्यंत जातात. आणि अगदी कोवळे पान घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळलेले असते. ही गुंडाळी नेच्याची जुनी ओळखीची खूण आहे आणि आंबुशीत किंवा मेथीत ती कधीच सापडत नाही.

पण खरी खूण आणखी खाली आहे. चिखलात सरपटणारे खोड हलकेच उपसून देठाच्या तळाशी पाहा. तिथे वाटाण्याहून लहान, घेवड्याच्या बीसारखे, आधी केसाळ आणि पुढे कडक व काळपट होणारे दाणे छोट्या दांड्यांवर लागलेले असतील. ही मार्सिलियाची बीजाणुफले, म्हणजे आत बीजाणू असलेली कवचे. पाणी ओसरू लागले की ती धरतात, म्हणून आपण गेलात तो काळ त्यांच्यासाठी उत्तम होता. श्रावणात भरल्या खाचरात गेला असता तर पाण्यावर तरंगणारी पानेच हाती लागली असती आणि बीजाणुफल बहुधा सापडले नसते.

जातीविषयी थोडे सावध राहावे लागते. पाठ्यपुस्तकांत मार्सिलिया क्वाड्रिफोलियाचे चित्र असते, त्यामुळे पुष्कळ लोक मैदानातील प्रत्येक चारपानी रोपाला तेच नाव देतात. आपल्याकडील भातखाचरांत सर्रास आढळते ती मार्सिलिया मिनूटा, जिला हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1771 मध्ये दिले. दोहोंतला फरक पुन्हा बीजाणुफलांतच आहे. मिनूटामध्ये त्यांच्या दांड्या सुट्या असतात आणि देठाच्या अगदी तळातून निघतात, तर क्वाड्रिफोलियामध्ये दांडी देठाच्या तळापासून थोडी वर चिकटलेली असते आणि पुष्कळदा तिला फाटे फुटून दोन-तीन बीजाणुफले एकत्र लागतात. पानाच्या आकारावरून किंवा कडेच्या दातेरीपणावरून जात ठरवू नका, कारण पाण्यातल्या आणि चिखलावरच्या एकाच रोपाची पाने वेगळी दिसतात.

आपल्याजवळ वेळ असेल तर मुलांना एक प्रयोग अवश्य दाखवा. पक्व बीजाणुफलाचे कवच इतके कठीण असते की पाणी आत शिरत नाही, आणि कोरडे बीजाणुफल कित्येक दशके जिवंत राहू शकते. त्याची एक कड ब्लेडने अगदी थोडी छाटून ते स्वच्छ पाण्याच्या बशीत ठेवावे. ब्लेड मुलांच्या हाती न देता आपणच हे करावे. थोड्या वेळात कवच उघडते आणि आतून पारदर्शक, जेलीसारखे लांबट कडे बाहेर पडत जाते, ज्यावर बीजाणुधान्यांचे, म्हणजे बीजाणूंच्या चिमुकल्या पिशव्यांचे, पुंजके दोन्ही बाजूंना लागलेले असतात. चाळीस वर्षे शिकवूनही मला हे दृश्य दर वेळी नव्याने पाहावेसे वाटत आले आहे. त्या पुंजक्यांत मोठे आणि लहान असे दोन प्रकारचे बीजाणू असतात. बहुतेक नेच्यांत बीजाणू एकाच प्रकारचे असतात; मार्सिलिया, अझोला आणि साल्विनिया यांचा गण मात्र दोन प्रकारचे बीजाणू तयार करतो. दिसायला इतक्या निराळ्या असलेल्या आपल्या पहिल्या तीन वनस्पती त्यामुळेच जवळच्या नात्यातल्या ठरतात.

दुसरी वनस्पती अझोला आहे. शेवाळाशी किंवा डकवीड या पाण्यावर तरंगणाऱ्या चिमुकल्या वनस्पतीशी तिची गल्लत होते, म्हणून मूठभर गालिचा पांढऱ्या ताटलीतल्या पाण्यात सोडा. डकवीड असेल तर फांद्या नसलेले सुटे, गुळगुळीत, चपटे ठिपके दिसतील. अझोला असेल तर प्रत्येक तुकडा सुरूच्या बारीक डहाळीसारखा फांद्या फुटलेला दिसेल, त्यावर खवल्यांसारखी पाने एकमेकांवर चढलेली असतील आणि खाली मुळे लोंबत असतील. विटकरी रंग कडक ऊन, थंडी किंवा फॉस्फरसची कमतरता यांमुळे येतो. तीच अझोला सावलीत हिरवी असते, तेव्हा रंगावरून काहीच ठरवू नये. तिच्या पानाच्या वरच्या पाळीत एक पोकळी असते आणि तिच्यात हवेतला नायट्रोजन स्थिर करणारे सायनोबॅक्टेरिया (नील-हरित जीवाणू) राहतात. भातशेतीत तिला मान आहे तो यासाठी. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पान काचपट्ट्यांमध्ये दाबून पाहिले, तर मण्यांच्या माळेसारखे त्यांचे धागे दिसू शकतात.

चौथी वनस्पती सेरॅटॉप्टेरिस थॅलिक्ट्रॉइडिस असावी. तिचे कूळ हंसराजाचे, म्हणजे ती वरच्या तिघींपासून दूरची. तिची पाने दोन तऱ्हेची असतात. वांझ पान रुंद, मऊ आणि कोथिंबिरीसारखे. बीजाणू धरणारे पान उंच आणि सांबराच्या शिंगांसारख्या अरुंद फाट्यांचे. त्या अरुंद फाट्यांच्या कडा खाली वळलेल्या असतात. भिंगाखाली ती कड सुईने उलगडली तर आत बीजाणुधान्या रांगेने दिसतील. पानांच्या बेचक्यांत चिमुकली नवी रोपे फुटलेली दिसली, तर शंकेला जागा उरत नाही. आपण फक्त रुंद पान आणले असेल तर चिठ्ठी लिहिण्याआधी अरुंद पान मिळवावे.

तिसरीविषयी मी मुद्दाम लिहीत नाही, कारण या चर्चेत त्या वनस्पतीचा प्रत्यक्ष अनुभव असलेले एक गृहस्थ आहेत.

प्रतिसाद: पूर्वी केरळात नोकरीस असलेले अभियंता, सध्या वडोदरा

सरांनी माझ्यासाठी जागा ठेवली, त्याबद्दल आभार. मी केरळातल्या कुट्टनाड या सखल भातपट्ट्यात कालव्यांच्या कामावर काही वर्षे होतो. आपली तिसरी वनस्पती साल्विनिया वाटते. केरळात तिला आफ्रिकन पायल म्हणतात, परंतु ती मूळची आग्नेय ब्राझीलची आहे. तिथल्या शेतकऱ्यांच्या तोंडून हे नाव मी ज्या वैतागाने ऐकले आहे, तो विसरता येत नाही: भाताच्या खाचरात ती वाऱ्याने ढकलली जाऊन एका रात्रीत रोपे झाकून टाकत असे आणि नावा चालणारे कालवे हिरव्या जमिनीसारखे दिसत.

जलकुंभी हे नाव सोडून द्यावे, कारण त्या नावाने कुणी जलपर्णी दाखवतो तर कुणी पिस्टिया. जलपर्णीचे देठ फुगीर असतात आणि तिला जांभळी फुले येतात. पिस्टियाची पाने कोबीच्या उमललेल्या गड्ड्यासारखी एका केंद्राभोवती असतात. साल्विनियाच्या प्रत्येक पेऱ्यावर तीन पाने असतात. त्यांपैकी दोन तरंगतात आणि तिसरे पाण्याखाली बारीक तंतूंमध्ये चिरलेले असते. ते तंतू मुळांसारखे दिसतात, पण ती मुळे नव्हेत. साल्विनियाला मुळे नसतातच.

त्यानंतर पानाच्या वरच्या बाजूचे केस भिंगाखाली, पान आडवे धरून, बाजूने पाहावेत. प्रत्येक केसाच्या दांडीवर चार शाखा असतात. त्यांची टोके वर येऊन एकमेकांना जुळली असतील आणि आकार अंडी फेटण्याच्या तारेच्या फेटणीसारखा दिसत असेल, तर ती परदेशातून आलेली त्रासदायक साल्विनिया, म्हणजे साल्विनिया मोलेस्टा किंवा तिच्या अगदी जवळची जात. टोके सुटी असतील तर ती साल्विनिया नाटान्स असू शकेल, आणि पाने द्रोणासारखी वळलेली असतील तर आशियातलीच कुकुलाटा. खूप जुन्या किंवा चोळवटलेल्या पानांवर हे केस तुटलेले असतात, म्हणून कोवळे पान निवडावे.

ही ओळख पटवण्याचा आग्रह मी धरतो, त्यामागे कारण आहे. मोलेस्टाचे बीजाणू वांझ असतात आणि तिचा सगळा प्रसार तुटलेल्या तुकड्यांनी होतो. म्हणून तळ्यातून ओढून काढताना राहिलेला एक तुकडाही पुरतो, आणि मुलांनी बाटलीत भरून आणलेले रोप शाळेच्या कुंडातून नाल्यात गेले तर नवे तळे भरते. नमुना दाबून झाल्यावर उरलेले सगळे उन्हात पूर्ण वाळवावे, पाण्यात कुठेही टाकू नये. केरळात 1980च्या दशकात सायर्टोबॅगस साल्विनी नावाचा, याच वनस्पतीवर जगणारा छोटा सोंडकिडा सोडण्यात आला आणि त्याने कालवे मोकळे केले. ते काम माणसांच्या हातांनी होत नव्हते, हे मी ज्येष्ठ सहकाऱ्यांकडून अनेकदा ऐकले आहे.

आणखी एक गोष्ट, जी वडोदऱ्यात राहणाऱ्याला सांगावी लागू नये, पण मुले सोबत आहेत म्हणून सांगतो. विश्वामित्रीप्रमाणेच आपल्याकडच्या गावतळ्यांतही मगरी असतात. वनस्पतींनी झाकलेल्या काठावर मुलांना उतरू देऊ नये. लांब काठीला गाळणी बांधून नमुना ओढावा, आणि तोही गावातल्या माणसाला विचारून.

प्रतिसाद: डभोईजवळचे शेतकरी

आमच्या कुटुंबाची डभोईच्या बाजूला तीन पिढ्यांची जमीन आहे आणि वरची चर्चा मी लक्षपूर्वक वाचली. शेताच्या बाजूने दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

चारपानी आम्हांला तण म्हणून ठाऊक आहे. खुरपणीत वरची पाने निघतात, पण चिखलातले खोड तुटून राहते आणि प्रत्येक पेऱ्यातून पुन्हा फुटते. उन्हाळ्यात जमीन भेगाळून पांढरी पडते, तेव्हा ती संपली असे वाटते, परंतु पहिल्या पावसानंतर पंधरवड्यात ती परत हजर असते. त्या कठीण दाण्यांविषयी वाचल्यावर याचे कारण मला आज प्रथमच नीट समजले. अझोला मात्र आम्ही स्वतः प्लास्टिकच्या कापडाच्या हौदात वाढवतो आणि म्हशींच्या खाण्यात मिसळतो. त्यामुळे ताईंनी पाटात पाहिलेली अझोला रानातली की कुणाच्या हौदातून वाहून आलेली, हे पानांवरून कळेल का, असा माझाही प्रश्न आहे. हौदासाठी वाटल्या जाणाऱ्या जाती परदेशी असतात, असे मी ऐकून आहे.

दुसरी गोष्ट खाण्याविषयी आहे. काही मजुरांच्या घरी चारपानीची भाजी करतात. ताईंनी मुलांना ती शेतातून तोडून चाखायला देऊ नये, कारण कोणत्या खाचरात कोणते तणनाशक फवारले आहे, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही.

प्रश्नकर्तीचा पुढील प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल पुन्हा पाच विद्यार्थ्यांसह त्याच शेतात जाऊन आले. चारपानीच्या देठांच्या तळाशी काळपट दाणे सापडले. दांड्या सुट्या होत्या आणि अगदी तळातून निघालेल्या होत्या. आज वर्गात मी एक दाणा छाटून बशीत ठेवला. पहिली दहा मिनिटे काहीच घडले नाही आणि मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. मग कवच उकलले आणि ते पारदर्शक कडे हळूहळू बाहेर येऊ लागले, तेव्हा आंबुशीचा आग्रह धरणारी मुलगी बशीवरून मान वर काढीना. तासाची घंटा झाली तरी कुणी जागचे हलले नाही.

तळ्यातल्या वनस्पतीच्या कोवळ्या पानावरील केसांची टोके जुळलेली दिसली, पाच पानांवर तपासले. बांधावर शिंगांसारखे अरुंद पानही मिळाले, त्याच्या वळलेल्या कडेखाली तपकिरी दाणे आहेत. अझोलाचे मात्र नक्की होत नाही. तुकडे त्रिकोणी दिसतात आणि मुळांवर पिसासारखे बारीक तंतू आहेत. पाण्यात नमुना फार चोळामोळा होतो, तो कसा दाबावा हेही सांगावे. पुढच्या महिन्यात वढवाणा तळ्यावर पक्षी पाहायला जाणार आहोत, तिथूनही नमुने घ्यावेत का?

प्रतिसाद: कारेलीबागेतील निवृत्त वनस्पतिशास्त्र-प्राध्यापक

ताई, आपण पाच पाने तपासलीत, हे फार चांगले केलेत. वढवाण्याचे आधी सांगतो. महाराजा सयाजीराव तिसरे यांच्या काळात सिंचनासाठी बांधलेले ते तळे 2021 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. तिथून वनविभागाच्या परवानगीशिवाय पानही आणू नये. छायाचित्रे मात्र भरपूर काढावीत: एक वरून, एक उलटे करून दाखवता येईल असे काठाला लागलेले रोप असेल तर त्याचे खालून, आणि शेजारी रुपयाचे नाणे ठेवून. काठाच्या उथळ पाण्यात गवतासारखा झुबका, पण तळाशी फुगीर पाने असलेली वनस्पती दिसली तर तिचेही छायाचित्र घ्या. ती आयसोएटिस असू शकेल. ती नेचा नव्हे, तिचे नाते लायकोपोडियम या नेच्यांहून वेगळ्या गटातल्या वनस्पतीशी आहे, परंतु जुन्या पुस्तकांत ती नेच्यांच्याच प्रकरणात बसवलेली असते.

नमुना दाबण्यासाठी परातीत पाणी घ्या, जाड कागद पाण्याखाली सरकवा, वनस्पती त्यावर तरंगू द्या, काडीने फांद्या पसरवा आणि कागद तिरका करून सावकाश उचला. वर जुने धोतर किंवा मलमलचा तुकडा ठेवून मग वर्तमानपत्रांत दाबा आणि पहिले तीन दिवस वर्तमानपत्र रोज बदला. मार्सिलियाची दोन-तीन बीजाणुफले वेगळ्या कागदी पाकिटात घालून नमुन्याच्या त्याच कागदाला चिकटवा, कारण पुढे कुणी शंका घेतली तर उत्तर त्या पाकिटातूनच मिळेल.

अझोलाविषयी शेतकरीबंधूंचा प्रश्न रास्त आहे. त्रिकोणी, पिसासारखी फांदी आणि मुळांवरचे बारीक तंतू ही आपल्याकडच्या अझोला पिन्नाटाची लक्षणे आहेत आणि हौदांत वाढवल्या जाणाऱ्या अमेरिकी जातींच्या मुळांवर असे तंतू दिसत नाहीत. मात्र पिन्नाटाही हौदांत वाढवली जाते, तेव्हा जात ओळखली तरी ती रानातली की वाहून आलेली, हे पानांवरून सांगता येणार नाही. चिठ्ठीवर स्थळ म्हणून शेताशेजारचा पाट लिहा आणि जवळ अझोलाचे हौद आहेत, हेही नोंदवा.

चिठ्ठ्या अशा असाव्यात, असे मला वाटते. पहिलीवर मार्सिलिया मिनूटा, बीजाणुफलांवरून. दुसरीवर अझोला पिन्नाटा, मुळांवरून. चौथीवर सेरॅटॉप्टेरिस थॅलिक्ट्रॉइडिस, दोन्ही प्रकारच्या पानांवरून. तिसरीवर साल्विनिया, बहुधा मोलेस्टा, असेच लिहावे. केसांची टोके जुळणे हे लक्षण तिच्या जवळच्या दोन-तीन दक्षिण अमेरिकी जातींतही आहे, आणि त्यांच्यातला भेद करण्यासाठी पाण्याखालच्या चिरलेल्या पानावर माळेसारखी लागणारी बीजाणुफले पाहावी लागतात. ती सापडली की चिठ्ठीवरचा ‘बहुधा’ खोडून तारीख घालावी आणि खोडणाऱ्या विद्यार्थ्याने शेजारी आपली सही करावी.